मृदा विकरे आणि कचराभूमींचे प्रदूषण

मृदा विकरे (मृदा एंझाइमे) ही मातीतील सूक्ष्मजीव, वनस्पतींची मुळे आणि मृदाप्राणी यांनी निर्माण केलेली, जैवरासायनिक विक्रियांचा वेग वाढवणारी प्रथिने होत. पालापाचोळ्याचे कुजणे, युरियाचे अमोनियात रूपांतर होणे, सेंद्रिय संयुगांत अडकलेला फॉस्फरस पिकाला मिळणे या सर्व क्रिया त्यांच्यामार्फत घडतात. शहरी घनकचरा साठवल्या जाणाऱ्या जागेच्या, म्हणजे कचराभूमीच्या (बोलीभाषेत ‘कचरा डेपो’), आसपासच्या मातीत या विकरांची क्रियाशीलता बदलते. त्या बदलावरून प्रदूषणाचा अंदाज घेता येतो, म्हणून विकरांना मृदाप्रदूषणाचे जैवदर्शक मानले जाते.

रासायनिक विश्लेषणाने मातीत शिसे किंवा कॅडमियम किती आहे ते कळते. त्या धातूचा मातीतील जीवसृष्टीवर परिणाम होत आहे की नाही ते कळत नाही. विकरांचे मापन या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. मात्र कचराभूमीच्या परिसरात हे उत्तर सरळ मिळत नाही. कचऱ्यातून झिरपणारा द्रव मातीतील सूक्ष्मजीवांना अन्नही पुरवतो आणि विषही. त्यामुळे एखाद्या विकराचा वाढलेला आकडा जमीन निरोगी असल्याचा पुरावा ठरत नाही. या विषयावरील बहुतेक मतभेद या एका अडचणीतून निर्माण झाले आहेत. परंडा व लगतच्या भागातील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत ती आणखी वाढते.

कचराभूमीतून मातीत काय उतरते

साठलेल्या कचऱ्यातून पावसाचे पाणी व कचऱ्यातील मूळचा ओलावा खाली झिरपताना विद्राव्य पदार्थ सोबत घेतो. तयार होणाऱ्या काळपट, दुर्गंधीयुक्त द्रवाला लिचेट म्हणतात. त्याचे स्वरूप ढिगाऱ्याच्या वयाप्रमाणे बदलते. ताज्या कचऱ्यात आम्लनिर्मितीचा टप्पा असतो. त्या काळातील लिचेट आम्लधर्मी असून त्यात सहज कुजणारे सेंद्रिय पदार्थ विपुल असतात आणि धातू अधिक प्रमाणात विरघळलेले असतात. पुढे मिथेननिर्मितीचा टप्पा आला की सामू ७ च्या वर जातो, बहुतेक धातू सल्फाइड व कार्बोनेट रूपात ढिगाऱ्यातच अडकतात आणि लिचेटमध्ये मुख्यत्वे अमोनियम नायट्रोजन, क्लोराइड व सहजी न कुजणारे ह्यूमिक पदार्थ उरतात. अमोनियमचे प्रमाण कचराभूमी बंद झाल्यानंतरही दीर्घकाळ टिकते.

लिचेट हा एकच मार्ग नाही. उघड्यावरील कचऱ्याला लागणाऱ्या आगींमधून उडणारी राख वाऱ्याच्या दिशेने पसरते. या राखेमुळे मातीचा सामू व क्षारांचे प्रमाण वाढते आणि बॅटऱ्या, रंग, विद्युत उपकरणे यांतील शिसे, कॅडमियम, जस्त, तांबे, क्रोमियम हे धातू थेट पृष्ठभागावर येतात. लिचेट उताराच्या दिशेने जाते, तर राख वाऱ्याच्या. म्हणून प्रदूषणाचा पट्टा ढिगाऱ्याभोवती वर्तुळाकार असेल असे गृहीत धरून घेतलेले नमुने पुष्कळदा दिशाभूल करतात.

प्रमुख विकरे

डीहायड्रोजनेज हा विकरांचा गट सूक्ष्मजीवांच्या श्वसनाशी निगडित असून तो फक्त जिवंत पेशींच्या आत कार्य करतो. पेशी मेली की त्याचे कार्य थांबते. म्हणून त्या क्षणी माती किती ‘जिवंत’ आहे हे दर्शवणारे मापन म्हणून त्याला प्रदूषणाच्या अभ्यासात पहिले स्थान दिले जाते.

युरिएज याच्या उलट स्वभावाचे आहे. युरियाचे अमोनिया व कार्बन डायऑक्साइडमध्ये विघटन करणारे हे विकर पेशीबाहेर पडल्यावर चिकणमातीच्या कणांना व ह्यूमसला चिकटून दीर्घकाळ टिकते. अलास्कातील कायम गोठलेल्या, हजारो वर्षे जुन्या थरांतील मातीतही युरिएजची क्रिया आढळली आहे. या टिकाऊपणामुळे युरिएजचा आकडा आजच्या जीवसृष्टीइतकाच कालच्या जीवसृष्टीविषयीही बोलतो. चांदी, पारा व तांबे यांचे आयन या विकरातील गंधकयुक्त (सल्फहायड्रिल) गटांना बांधले जातात आणि त्याची क्रिया मंदावते. युरिएजच्या क्रियास्थळी निकेल हा धातू असतो, ही गोष्ट १९७५ मध्ये स्पष्ट झाली. प्रदूषक म्हणून मोजला जाणारा धातू येथे विकराचाच आवश्यक घटक आहे.

फॉस्फटेज हे विकर सेंद्रिय फॉस्फरसयुक्त संयुगांतून फॉस्फेट मोकळे करते. त्याचे आम्लधर्मी व अल्कधर्मी असे दोन प्रकार मोजले जातात. वनस्पतींची मुळे प्रामुख्याने आम्लधर्मी फॉस्फटेज स्रवतात. अल्कधर्मी फॉस्फटेज मुख्यतः सूक्ष्मजीवांकडून येते आणि चुनखडीयुक्त जमिनीत तेच प्रबळ असते. मातीत फॉस्फेट भरपूर असल्यास सूक्ष्मजीव हे विकर कमी तयार करतात. कचऱ्यातून फॉस्फेट मिळत असलेल्या मातीत फॉस्फटेज घटलेले आढळल्यास ते विषबाधेमुळे की गरज उरली नाही म्हणून, हे केवळ त्या आकड्यावरून सांगता येत नाही. अॅरिलसल्फटेजच्या बाबतीत असाच प्रश्न सल्फेटमुळे उभा राहतो. जिप्समयुक्त बांधकाम कचरा टाकलेल्या जागी तो विशेष जाणवतो.

सेल्युलोजच्या विघटनाची शेवटची पायरी पूर्ण करणारे बीटा-ग्लुकोसिडेज, हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करणारे कॅटलेज, साखरेवर क्रिया करणारे इन्व्हर्टेज यांचेही मापन केले जाते. फ्लुओरेसीन डायअॅसिटेटच्या जलीय विघटनाची चाचणी एका विकराची नसून अनेक विकरांच्या एकत्रित क्रियेची आहे.

संशोधनाचा इतिहास

मातीत विकरे असल्याची नोंद १८९९ मध्ये अमेरिकेतील अल्बर्ट वुड्स यांनी केली. विकरे ही प्रथिनेच आहेत हे मात्र त्यानंतर बऱ्याच काळाने मान्य झाले. जेम्स सम्नर यांनी १९२६ मध्ये अबईच्या प्रजातीतील जॅक बीन या कडधान्यातून युरिएजचे स्फटिक मिळवले. ते स्फटिकरूपात मिळालेले पहिले विकर होय. या कार्यासाठी त्यांना १९४६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मातीच्या अभ्यासात नंतर महत्त्वाचे ठरलेले हे विकर प्रथम एका शेंगेच्या बियांतून शुद्ध झाले, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.

मातीतील डीहायड्रोजनेज मोजण्याची पद्धत १९५६ मध्ये लेनहार्ड यांनी मांडली आणि १९६४ मध्ये कसिडा, क्लाइन व सांतोरो यांनी तिला आजचे प्रचलित स्वरूप दिले. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात तबाताबाई व ब्रेमनर यांनी १९६९ ते १९७२ या काळात फॉस्फटेज, अॅरिलसल्फटेज व युरिएज यांच्या मापनपद्धती प्रमाणित केल्या. जगभरातील प्रयोगशाळांत आजही बहुधा त्याच वापरल्या जातात. सुरुवातीला या आकड्यांवरून जमिनीची सुपीकता एकाच अंकात सांगता येईल, अशी आशा होती. ती फलद्रूप झाली नाही. प्रदूषणदर्शक म्हणून विकरांकडे वळलेले लक्ष हे काही अंशी त्या अपयशाचे फलित आहे.

मापनपद्धती

सर्व पद्धतींचे तत्त्व एकच आहे. विकर ज्या पदार्थावर क्रिया करते तो पदार्थ (आधारद्रव्य) ठरावीक प्रमाणात मातीत मिसळतात, मिश्रण ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ ठेवतात आणि किती नवे द्रव्य तयार झाले ते मोजतात. निष्कर्ष ‘प्रतिग्रॅम कोरड्या मातीमागे प्रतितास इतके मायक्रोग्रॅम’ अशा एककात देतात.

डीहायड्रोजनेजसाठी ट्रायफेनिल टेट्राझोलियम क्लोराइड (टीटीसी) हे रंगहीन द्रव्य वापरतात. श्वसनात मोकळे होणारे इलेक्ट्रॉन स्वीकारून त्याचे लाल रंगाच्या ट्रायफेनिल फॉर्मॅझॅनमध्ये रूपांतर होते. ३७ अंश सेल्सियसला २४ तास ठेवल्यानंतर हा रंग मिथेनॉलने काढून घेतात आणि ४८५ नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाशाचे शोषण मोजतात. फॉस्फटेजच्या चाचणीत पॅरा-नायट्रोफिनिल फॉस्फेटपासून पिवळे पॅरा-नायट्रोफिनॉल तयार होते. येथे एक तास पुरतो. आम्लधर्मी फॉस्फटेजसाठी मिश्रणाचा सामू ६.५, तर अल्कधर्मीसाठी ११ ठेवतात.

शेतातील मातीचा सामू ११ कधीच नसतो. प्रयोगशाळेतील आकडा अनुकूलतम स्थितीतील संभाव्य क्षमता दर्शवतो; शेतात प्रत्यक्ष तेवढी क्रिया घडते असा त्याचा अर्थ नाही.

नमुने सामान्यतः वरच्या १५ सेंटिमीटर थरातून घेतात, २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात आणि ओलसर स्थितीतच ४ अंश सेल्सियसला ठेवून शक्य तितक्या लवकर तपासतात. उन्हात वाळवलेल्या मातीत डीहायड्रोजनेजची क्रिया बरीच घटते. खत-सल्ल्यासाठी माती सावलीत वाळवून पाठवण्याची शेतकऱ्यांना परिचित असलेली रीत म्हणूनच या चाचणीला चालत नाही. मातीतील तपकिरी ह्यूमिक द्रव्याचा रंगही प्रकाशशोषणात मिसळतो. तो वजा करण्यासाठी आधारद्रव्य न घातलेला नमुना प्रत्येक वेळी सोबत चालवावा लागतो. लिचेट मुरलेल्या मातीत हे विशेष आवश्यक असते.

एका त्रुटीची स्वतंत्र नोंद घेणे आवश्यक आहे. १९९१ मध्ये चांदर व ब्रूक्स यांनी दाखवून दिले, की मातीतील तांबे टीटीसी चाचणीत तयार होणाऱ्या लाल फॉर्मॅझॅनशीच विक्रिया करून त्याचा रंग फिका करते. म्हणजे तांब्याने दूषित मातीत डीहायड्रोजनेज प्रत्यक्षात घटले नसतानाही घटलेले दिसू शकते. विद्युत तारा जाळून तांबे वेगळे करण्याचे प्रकार जेथे चालतात अशा कचराभूमींच्या अभ्यासात ही शक्यता तपासल्याशिवाय काढलेला निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही. नायट्रेटही इलेक्ट्रॉन स्वीकारण्यात टीटीसीशी स्पर्धा करते आणि आकडा कमी दाखवते.

पोषण आणि विषबाधा

जड धातू विकरांना दोन प्रकारे बाधा पोहोचवतात. एक प्रत्यक्ष: धातूचा आयन विकराच्या क्रियास्थळी किंवा आधारद्रव्याशी बांधला जातो. दुसरा अप्रत्यक्ष: विकर निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांची संख्या व विविधता घटते. प्रयोगशाळेत स्वच्छ मातीत धातूचे क्षार मिसळून केलेल्या प्रयोगांत विकरांची घट स्पष्ट दिसते. विकराची क्रिया निम्म्यावर आणणाऱ्या धातूच्या मात्रेला ‘परिस्थितिकीय मात्रा’ म्हणतात. ही संकल्पना १९८३ मध्ये बाबिच, बेवली व स्टॉट्स्की यांनी मांडली.

कचराभूमीच्या कडेला स्थिती वेगळी असते. धातूंसोबत सेंद्रिय पदार्थ, नायट्रोजन, फॉस्फरस आणि ओलावाही येतो. उपाशी मातीला अन्न मिळाल्यावर सूक्ष्मजीव वाढतात व विकरेही वाढतात. परिणामी काही ठिकाणी ढिगाऱ्याच्या जवळ विकरांची क्रिया दूरच्या मातीपेक्षा जास्त, तर काही ठिकाणी कमी आढळते आणि दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी खरे असू शकतात. ओलाव्यामुळे प्राणवायू कमी झालेल्या, पाणथळ मातीत तर डीहायड्रोजनेज वाढतेच; ती वाढ आरोग्याची नसून गुदमरलेल्या मातीतील अवायुजीवी श्वसनाची असते.

हा गुंता सोडवण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे विकराची क्रिया मातीच्या वजनामागे न सांगता सेंद्रिय कर्बाच्या वजनामागे सांगणे. कल्पित उदाहरण घ्यायचे तर, दूरच्या शेतात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के आणि कचराभूमीलगत १.५ टक्के असून डीहायड्रोजनेज लगतच्या मातीत दुप्पट भरले, तर वरकरणी ही माती अधिक जिवंत वाटते. परंतु कर्ब तिप्पट आणि क्रिया केवळ दुप्पट, म्हणजे प्रत्येक ग्रॅम कर्बामागे क्रिया मूळच्या दोन-तृतीयांशच आहे. अन्न असूनही सूक्ष्मजीव ते पूर्ण वापरू शकत नाहीत, असा त्याचा अर्थ लागतो. मात्र येथेही एक सावधगिरी लागते. कचऱ्यातील प्लॅस्टिकचे कण व कोळसा हेही काही चाचण्यांत ‘सेंद्रिय कर्ब’ म्हणून मोजले जातात आणि भागाकार चुकीचा कमी दाखवतात.

दुसरा मार्ग अनेक विकरे एकत्र पाहण्याचा आहे. डीहायड्रोजनेज घटलेले आणि युरिएज टिकून असलेले आढळल्यास, बाधा अलीकडची असून जुने, चिकणमातीला बांधलेले विकर अद्याप काम करीत आहे असा तर्क करता येतो. दोन्ही घटलेली असतील तर बाधा जुनी किंवा तीव्र आहे. निरनिराळ्या विकरांच्या आकड्यांचा भूमितीय मध्य काढून एकच निर्देशांक बनवण्याचीही पद्धत आहे. स्पेनमधील गॅलिसिया प्रांतातील ओकच्या वनांत त्रासार-सेपेदा व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये असे दाखवले, की न बिघडलेल्या मातीत एकूण नायट्रोजन आणि जैवरासायनिक गुणधर्म यांच्यात एक समतोल असतो. तो समतोल ढळणे हेच बिघाडाचे लक्षण. निर्देशांक सोयीचा असला तरी तो मूळ आकड्यांमधील विसंगती झाकतो, आणि कचराभूमीच्या बाबतीत ती विसंगतीच बहुधा सर्वांत बोलकी असते.

काळी जमीन आणि परंडा परिसर

परंडा हे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या पश्चिम भागातील तालुक्याचे ठिकाण आहे. बालाघाटचे पठार येथे सीना नदीच्या खोऱ्याकडे उतरते; सीना ही भीमेची उपनदी असून तिच्यावरील सीना-कोळेगाव धरण याच भागात आहे. प्रदेश अवर्षणप्रवण आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी जमीन, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली भेगा असलेला खडक अशी येथील सर्वसाधारण रचना आढळते. ज्वारी, तूर, उडीद यांबरोबरच सिंचनाखाली ऊस घेतला जातो. युरोपातील आम्लधर्मी, ओलसर मातीवर बेतलेले विकरांचे संकेत या जमिनीवर जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

काळा रंग पाहून जमीन सेंद्रिय कर्बाने समृद्ध असल्याचा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात मराठवाड्यातील काळ्या जमिनींत कर्ब बहुधा १ टक्क्याहून कमी, अनेकदा त्याच्या निम्माच असतो. एवढ्या कमी कर्बाच्या मातीत थोडे लिचेट मुरले तरी पोषणाचा परिणाम ठळकपणे दिसतो आणि विषबाधा त्याखाली झाकली जाते.

या जमिनीतील चिकणमाती मुख्यतः माँटमोरिलोनाइट गटातील आहे. तिच्या कणांचा पृष्ठभाग विशाल असल्याने ती धातूंचे आयन धरून ठेवते आणि विकरांनाही बांधून ठेवते. शिवाय सामू ८ च्या आसपास आणि मुक्त चुनखडी भरपूर असल्याने शिसे, कॅडमियम, जस्त हे धातू कार्बोनेटच्या रूपात साक्याप्रमाणे बसतात. अशा मातीत रासायनिक चाचणीत धातूंचे एकूण प्रमाण चिंताजनक दिसले तरी विकरे फारशी घटलेली नसतात, कारण विकरांवर परिणाम एकूण धातूचा नव्हे, तर उपलब्ध, विरघळलेल्या धातूचा होतो. काहींना हा चाचणीचा दोष वाटतो. वास्तविक ती तिची उपयुक्तता आहे. परंतु ताजे, आम्लधर्मी लिचेट सतत मुरत राहिले आणि एखाद्या जागेची चुनखडी संपत आली, तर बांधलेला धातू पुन्हा मोकळा होऊ शकतो. म्हणून एका वर्षाचे समाधानकारक आकडे पुढच्या दहा वर्षांची हमी देत नाहीत.

चुनखडीमुळे प्रयोगशाळेतही अडचण येते. अॅरिलसल्फटेज व बीटा-ग्लुकोसिडेज यांच्या प्रमाणित चाचण्यांत मिश्रणाचा सामू अनुक्रमे ५.८ व ६ ठेवायचा असतो. चुनखडीयुक्त मातीत हे आम्ल काही वेळातच खर्ची पडते आणि सामू वर चढतो. मिश्रणाचा सामू शेवटी पुन्हा तपासला नसेल, तर त्या आकड्याची तुलना इतर ठिकाणच्या आकड्यांशी करता येत नाही.

उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा हा सर्वांत दुर्लक्षित घटक होय. पावसाळ्यात फुगलेली काळी माती जवळपास अभेद्य असते. त्यावरून ती कचऱ्याखाली नैसर्गिक अस्तराचे काम करते असे मानण्याची प्रवृत्ती आहे. पण एप्रिल-मे महिन्यांत तिला खोल भेगा पडतात आणि पहिल्या वळवाच्या पावसात ढिगाऱ्यातून निघालेले घट्ट लिचेट वरच्या थरात न मुरता या भेगांतून थेट मुरुमापर्यंत, तेथून खडकाच्या भेगांत व विहिरींत जाऊ शकते. अशा वेळी वरच्या १५ सेंटिमीटरमधील विकरे निर्धास्त दिसतील आणि विहिरीचे पाणी बिघडलेले असेल. मृदा विकरे ही विहिरीच्या पाण्याच्या तपासणीला पर्याय ठरू शकत नाहीत, ती याच कारणामुळे.

ऋतूचा परिणाम प्रदूषणाच्या परिणामापेक्षा मोठा असू शकतो. मे महिन्यातील कोरड्या मातीत आणि ऑगस्टमधील ओल्या मातीत डीहायड्रोजनेजचे आकडे मुळातच वेगळे असतात. तुलनेसाठी घेतलेले दूरचे शेत (नियंत्रण नमुना) त्याच दिवशी, त्याच खोलीच्या जमिनीतून आणि शक्यतो त्याच पिकाखालून घ्यावे लागते. माळावरील हलकी, मुरमाड जमीन आणि ओढ्याकाठची भारी काळी जमीन एकमेकींचे नियंत्रण होऊ शकत नाहीत. ऊसपट्ट्यात आणखी एक पथ्य पाळावे लागते: साखर कारखान्याची मळी किंवा भरपूर शेणखत मिळालेल्या शेतात विकरे आधीच वाढलेली असतात. असे शेत नियंत्रण म्हणून घेतल्यास कचराभूमीलगतची साधी माती विनाकारण दूषित ठरते.

महाराष्ट्रातील कचराभूमी

राज्यातील सर्वांत जुन्या कचराभूमींपैकी मुंबईतील देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला जात आहे. २०१६ च्या जानेवारीत तेथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रह छायाचित्रांतही दिसला होता. खाडीकाठच्या खारट, भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या मातीवरील ही कचराभूमी आणि काळ्या जमिनीवरील कचराभूमी यांच्या विकरांची तुलना निरर्थक आहे. क्षार स्वतःच बहुतेक विकरांची क्रिया घटवतात.

काळ्या व मुरमाड जमिनीशी अधिक जवळची उदाहरणे पुण्याजवळील उरुळी देवाची–फुरसुंगी, नागपूरचे भांडेवाडी आणि छत्रपती संभाजीनगरजवळील नारेगाव ही आहेत. उरुळी देवाची व फुरसुंगी येथील ग्रामस्थांच्या दीर्घ आंदोलनात विहिरींचे पाणी निकामी झाल्याची तक्रार अग्रस्थानी होती. नारेगाव येथे अनेक दशके कचरा टाकला गेला. २०१८ च्या फेब्रुवारीत परिसरातील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, न्यायालयाने तेथे कचरा टाकण्यास मनाई केली आणि शहरात कचराकोंडी निर्माण झाली. अशा वादांत दोन्ही बाजूंकडून मांडले जाणारे पुरावे मुख्यतः पाण्याचे व हवेचे असतात. शेताची माती बिघडली, पीक पूर्वीसारखे येत नाही, हे शेतकऱ्याचे म्हणणे मात्र मोजमापाअभावी अनुभवाच्या पातळीवरच राहते. विकरांच्या चाचण्या ही उणीव काही प्रमाणात भरून काढू शकतात. त्यासाठी लागणारे रंगमापक यंत्र व रसायने तालुक्याच्या ठिकाणच्या विज्ञान महाविद्यालयातही उपलब्ध होऊ शकतात. जड धातूंच्या मोजणीसाठी लागणारी अणुशोषण वर्णपटमापन यंत्रणा तुलनेने महाग आहे.

चाळलेल्या मातीचा प्रश्न

ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या (नागरी) दुसऱ्या टप्प्यात जुन्या कचऱ्याचे ढीग उकरून, चाळून जमीन मोकळी करण्यावर भर देण्यात आला. या प्रक्रियेला जैवखनन (बायोमायनिंग) म्हणतात. प्लॅस्टिक, कापड, दगड-विटा वेगळे झाल्यावर मातीसारखा बारीक, काळसर भाग मोठ्या प्रमाणात उरतो. तो दिसायला उत्तम खतासारखा असतो आणि शेतात टाकण्यासाठी नेण्याचा मोह साहजिक आहे.

या बारीक भागात विकरांची क्रिया बऱ्यापैकी आढळू शकते, कारण त्यात अर्धवट कुजलेले सेंद्रिय द्रव्य असते. त्यावरून तो सुरक्षित ठरत नाही. वर्षानुवर्षे ढिगाऱ्यात अडकून राहिलेले धातूही याच बारीक भागात एकवटलेले असतात. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये प्रतिकिलो कॅडमियम ५, शिसे १००, क्रोमियम ५० व पारा ०.१५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. चाळलेला भाग शेतात जाण्यापूर्वी तो या कसोटीवर तपासला जाणे आवश्यक आहे. विकरांचा उपयोग येथे दुसऱ्या टप्प्यावर होतो. चाळलेला भाग स्थानिक मातीत निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून काही महिने ठेवल्यास डीहायड्रोजनेज सुरुवातीच्या वाढीनंतर नियंत्रणाच्या पातळीवर स्थिरावते, की त्याखाली घसरते, हे पाहता येते. सहज कुजणारे अन्न संपल्यानंतर झालेली घसरण विषबाधेची शक्यता दर्शवते. पहिल्या काही आठवड्यांतील आकडे या कामी निरुपयोगी असतात.

कायदेशीर तरतुदी

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये शास्त्रीय भरावभूमीसाठी ९० सेंटिमीटर दाबलेल्या चिकणमातीवर १.५ मिलिमीटर जाडीचे उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचे अस्तर विहित केले होते. या मातीतून पाणी सेकंदाला एका सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून जलद झिरपता कामा नये. भूजलाची पातळी अस्तराच्या तळापासून किमान २ मीटर खाली असणे, भरावभूमीच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतील भूजलाची निरनिराळ्या ऋतूंत तपासणी आणि भरावभूमी बंद केल्यानंतर किमान १५ वर्षे देखभाल या अटीही त्यांत होत्या. लहान नगरपरिषदांच्या जुन्या कचराजागा बहुधा अशा नियमांपूर्वीच्या असून त्यांच्याखाली अस्तर नसते. या नियमांत भूजल, हवा व लिचेट यांच्या मोजमापाची तरतूद होती. मातीच्या जैविक स्थितीचा समावेश नव्हता.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत १२ घटकांची तपासणी होते: नायट्रोजन, फॉस्फरस, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, विद्युतवाहकता आणि सेंद्रिय कर्ब. यांत एकही विकर नाही. शिसे व कॅडमियमही नाहीत. तांबे व जस्त यांची तपासणी पिकाला ती पुरेशी मिळतात की नाही या दृष्टीने केली जाते. त्यामुळे कचराभूमीलगतच्या शेताच्या पत्रिकेत या दोन्ही धातूंसमोर ‘पुरेसे’ असा शेरा येतो आणि वाढलेल्या सेंद्रिय कर्बामुळे ती जमीन कागदावर शेजारच्या शेतापेक्षा उजवीही ठरू शकते.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने डीहायड्रोजनेजच्या मापनासाठी आयएसओ २३७५३ आणि एकाच वेळी अनेक विकरांच्या मापनासाठी आयएसओ २०१३० ही मानके प्रसिद्ध केली आहेत. ती मापनाची रीत ठरवतात. कोणता आकडा ‘प्रदूषित’ मानावा याची मर्यादा त्यांत दिलेली नाही, कारण तो आकडा मातीच्या प्रकारानुसार बदलतो. काळ्या जमिनीसाठी तो ठरवायचा तर कचऱ्यापासून दूर असलेल्या, निरनिराळ्या खोलीच्या व निरनिराळ्या पिकांखालील काळ्या जमिनींची विकरे वेगवेगळ्या ऋतूंत मोजून तुलनेची पायाभूत नोंद आधी तयार करावी लागते.